श्रद्धेपायी घर सोडलेल्यांची मुंबई

श्रावणात मुंबईला फिरायला जाऊ नये, असे नाशिकला बहुतेकांनी सांगितले. पण ताई नुकतीच शाळेतून निवृत्त झाली होती आणि तिच्या मनात एक विषय बरीच वर्षे घर करून होता. आपल्या धर्मापायी ज्यांना छळ सोसावा लागला, त्यांनी त्या छळाला उत्तर काय दिले, हे तिला पुस्तकात न वाचता जागेवर जाऊन पाहायचे होते. त्यासाठी मुंबईइतके जवळचे ठिकाण दुसरे नाही. इथे बगदादहून आलेले ज्यू आहेत, इराणातल्या यझ्द आणि केरमानहून आलेले जरथुष्ट्री, म्हणजे पारशांचाच धर्म पाळणारे, आहेत, शिवाय ज्यांच्या आश्रयाची गोष्ट आपल्याला ठाऊकच नसते अशीही काही माणसे आहेत. दादरला मामेभावाकडे उतरायचे ठरले आणि आम्ही पंचवटीने निघालो.

गुरुवार : क्रॉस मैदान आणि टाऊन हॉल

चर्चगेटजवळ, क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम यांची विहीर आहे. १७२५ साली खोदलेल्या या विहिरीला समुद्र जवळ असूनही गोडे पाणी लागले, म्हणून पारशी लोक तिला पवित्र मानतात. जरथुष्ट्री नसलेल्यांना आत प्रवेश नाही, अशी पाटी दारावर आहे. आम्ही छत्र्या सावरत फुटपाथवर उभे होतो, तेव्हा प्रार्थना आटोपून बाहेर आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आपण होऊन आमची चौकशी केली आणि विहिरीमागची परंपरा सांगितली. भिखाजी भरूचहून मुंबईकडे येत असताना मराठ्यांच्या शिपायांनी त्यांना मुसलमान समजून पकडले आणि किल्ल्यात डांबले. अंगातला धार्मिक सदरा आणि कमरेला बांधलेली कुस्ती नावाची पवित्र दोरी दाखवून आपण पारशी असल्याचे त्यांनी पटवले, तेव्हा त्यांची सुटका झाली. पांडे हे आडनाव त्यांना त्या कैदेमुळे मिळाले आणि पुढे मुंबईत हातात पैसा आल्यावर त्यांनी ही विहीर बांधली. या गोष्टीतले पकडणारे आपलेच लोक आहेत, हे ऐकताना जाणवत होते. गृहस्थांच्या स्वरात मात्र तक्रारीचा मागमूस नव्हता.

बंद दाराबद्दल मला इथेच लिहावेसे वाटते, कारण पुढच्या दिवसांत अशी दारे वारंवार भेटली. आतिशबेहराम आणि अग्यारी, म्हणजे पारशांची अग्निमंदिरे, पाहायची असतील तर ती बाहेरूनच पाहावी लागतात. त्यात तुसडेपणा आहे असे अनेक प्रवासी लिहितात. मला ते पटत नाही. ज्यांच्या अग्निमंदिरांवर शतकानुशतके हल्ले झाले, गुजरातेतले संजाण हे आपले पहिले गाव पडल्यावर ज्यांनी आपला अग्नी डहाणूकडच्या बहारोटच्या डोंगरात बारा वर्षे लपवून जिवंत ठेवला, त्यांनी अग्नीभोवती भिंत घातली असेल, तर त्या भिंतीला इतिहास आहे. बाहेरून पाहणाऱ्यांसाठी सूचना इतकीच की फाटकाजवळ रेंगाळत छायाचित्रे काढू नयेत. पारशी नववर्षाचे दिवस जवळ आले की गर्दी वाढते. अशा वेळी तर मुळीच काढू नयेत.

दुपारी पाऊस उघडला आणि आम्ही चालत टाऊन हॉलपाशी गेलो. १८३३ साली पूर्ण झालेल्या या इमारतीत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे आणि तिच्या पायऱ्यांवर बसायला कोणाची आडकाठी नाही. मागच्या बाजूला, आता नौदलाच्या ताब्यात असलेल्या जागेत, जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. सोळाव्या शतकात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वाडा त्याच परिसरात होता. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. औषधी वनस्पतींवरचा त्याचा मोठा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्यात मुंबईहून आलेल्या आंब्यांचाही उल्लेख आहे. हा माणूस जन्माने ज्यू घराण्यातला होता. पोर्तुगालमध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते आणि त्यांच्यातले अनेक जण घराच्या चार भिंतींआड जुना धर्म पाळत. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, आले. १५६८ मध्ये गार्सिया वारला तोपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही. पण पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये खुद्द गार्सियाची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

ताई पायऱ्यांवर बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "याला कोणीच नव्हतं रे. लपायचं ते एकट्यानं, आणि मेल्यावरसुद्धा त्याच्या बाजूनं बोलायला माणूस नाही." लपणे हेही छळाला दिलेले उत्तर आहे, कदाचित सर्वांत जुने, पण त्यात माणूस किती एकटा पडतो, हे त्या पायऱ्यांवर बसल्यावर उमगते. उरलेल्या प्रवासात आम्ही नकळत प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट शोधत राहिलो : सुटलेल्या माणसाने मागे राहिलेल्यासाठी काय केले?

शुक्रवार : मशीद बंदर, भायखळा, काळा घोडा

शुक्रवारी सूर्यास्तापासून शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो, त्यामुळे सिनेगॉग ही त्यांची प्रार्थनास्थळे पाहायची असतील तर शुक्रवार सकाळ गाठावी. जवळ सरकारी ओळखपत्र ठेवावे आणि आधी फोनवर चौकशी करून जावे. दारावर पोलीस असतात, पिशव्या तपासल्या जातात, आणि हे २००८ नंतर वाढले आहे, याची आठवण ठेवून शांतपणे सहकार्य करावे. पुरुषांनी डोके झाकायचे असते. टोपी तिथे मिळते.

मशीद स्थानकाहून सॅम्युएल स्ट्रीटपर्यंत चालत जाता येते, मात्र पावसात हातगाड्या, मिरचीची पोती आणि चिखल यांतून वाट काढावी लागते. इथले 'शाआर हरहमीम' हे मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग समाजी हसाजी दिवेकर या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, लष्करी अधिकाऱ्याने १७९६ मध्ये बांधले. कंपनी सरकारच्या फौजेत असताना ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. परंपरा अशी की, हे कैदी कुराणात उल्लेखिलेल्या बनी इस्राईलांपैकी आहेत असे कळल्यावर टिपूच्या आईने त्यांना जीवदान देण्यास सांगितले. कालची विहीर आणि आजचे सिनेगॉग, दोन्ही कैदेतून सुटल्याच्या कृतज्ञतेतून उभी राहिली, आणि दोन्ही गोष्टींत धर्म सांगितल्यामुळे माणूस वाचला. धर्म सांगितल्यामुळे मारले गेल्याच्या कथांनी आपले कान इतके भरलेले असतात की या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटल्या.

भायखळ्याचे मागेन डेव्हिड याच्या अगदी उलट, प्रशस्त, फिक्या निळ्या रंगाचे आणि उंच मनोऱ्याचे आहे. डेव्हिड ससून यांनी ते १८६१ मध्ये बांधले. त्यांचे वडील बगदादच्या पाशांचे, म्हणजे तुर्की सुभेदारांचे, खजिनदार होते. दाऊद पाशाच्या राजवटीत ज्यूंवर अत्याचार वाढले, तेव्हा डेव्हिड बगदादहून पळून इराणच्या बुशेर बंदरात आले आणि तिथून १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोहोचले. पुढे ते केवढे धनवान झाले, आणि त्या धनात चीनबरोबरच्या अफूच्या व्यापाराचा वाटा किती मोठा होता, हे सर्वज्ञात आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. आमच्या विषयाशी संबंधित गोष्ट निराळी आहे. ससूनांच्या पेढ्यांत, गिरण्यांत आणि गोदामांत बगदादहून येणाऱ्या ज्यूंना काम मिळे, त्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या, प्रार्थनेला जागा होती. एक माणूस निसटला आणि त्याच्यामागून येणाऱ्यांसाठी त्याने वाट मोकळी ठेवली. आज त्याच आवारातल्या ससून शाळांत बहुसंख्य विद्यार्थी मुस्लीम आहेत. आम्हाला आतला भाग दाखवणारे कर्मचारीही मुस्लीम होते आणि त्यांनी तोरा या ज्यू धर्मग्रंथाची कपाटे कुठे आहेत, स्त्रिया वरच्या सज्जात का बसतात, हे सगळे आपल्या घरची माहिती द्यावी तितक्या आत्मीयतेने सांगितले.

काळा घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू १८८४ चे. रंगीत काचांमधून आलेला प्रकाश पाहायचा तर ऊन हवे. आम्हाला मिळाला तो ढगाळ उजेड. तिथे बसलेल्या एका वयस्कर बाईंनी ताईला नाझी राजवटीपासून पळून मुंबईत आलेल्या युरोपीय ज्यूंविषयी सांगितले. १९३० च्या दशकात इथल्या ज्यूंनी त्यांच्यासाठी मदत संस्था काढली होती. आलेल्यांना जामीन लागे, नोकरी लागे, युद्ध सुरू झाल्यावर तर जर्मन पासपोर्टमुळे त्यांच्यापैकी काहींना शत्रू म्हणून स्थानबद्धही केले गेले. वॉल्टर कॉफमन हे संगीतकार १९३४ मध्ये असेच इथे आले. आकाशवाणीची सकाळची ती सुरावट, जिच्यावर आमच्या घरी चहा ठेवला जायचा, ती त्यांच्या नावावर आहे.

शनिवार : मलिदा

शनिवारी दिवसभर पावसाने घराबाहेर पडू दिले नाही. संध्याकाळी शब्बाथ संपल्यावर मामेभावाच्या एका बेने इस्रायली सहकाऱ्याने माझगावला घरी बोलावले होते. मुलाला परदेशी नोकरी लागल्याबद्दल एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने आभार मानण्याचा मलिदा होता. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलची, काजू-बेदाणे कालवून त्याचा डोंगर ताटात रचतात आणि भोवती फळे मांडतात. हिब्रूतल्या प्रार्थनेनंतर घरच्या आजींनी मराठीत एक कीर्तनपद म्हटले. चाल ऐकून ताई चकित झाली, कारण ती थेट आपल्या हरदासी कीर्तनातली होती. जेवायला नारळाच्या दुधातले मटणाचे कालवण आणि भात. दूध आणि मांस एकत्र न करण्याचा त्यांचा नियम कोकणातल्या नारळाने किती सोपा केला आहे, हे त्या कालवणाच्या चवीवरून कळते.

बेने इस्रायल कोकणात तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, हे मराठी वाचकांना माहीत असते. आजी म्हणाल्या, "आमच्या धर्मावरून इथं आम्हाला कोणी कधी बोट लावलं नाही, बाई. बोट लावलं ते आमच्याच लोकांनी." त्यांना १९६२ सालची गोष्ट सांगायची होती. इस्राएलला गेलेल्या बेने इस्रायलींचे विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करावी, असा तिथल्या धर्मपीठाने आदेश काढला. म्हणजे शेकडो वर्षे एकटेपणाने धर्म सांभाळलेल्या या लोकांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. आजींचे थोरले दीर त्या वेळी तिकडे होते. ते आणि त्यांच्यासारखे अनेक जण जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले. "दिरांनी धरणं धरायचं कुठं शिकलं असेल?" असे विचारून आजी हसल्या. गिरणगावात लहानाचा मोठा झालेला माणूस तो.

रविवार : धोबी तलाव

या प्रवासातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दिवस हा. १९०४ पासून सुरू असलेल्या कयानी या इराणी हॉटेलात सकाळी लवकर जावे. नऊनंतर टेबलासाठी थांबावे लागते. ब्रुन मस्का, चहा, अकुरी आणि गरम असेल तर मावा केक मागवावा. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव खायचा असेल तर तो कामाच्या दिवशी आणि दुपारीच मिळतो. खाणे झाले, आता या टेबलांमागचा इतिहास.

पारशी हजार वर्षांपूर्वी आले. इराणी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते जरथुष्ट्री फार नंतर, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर आले. मधल्या काळात इराणात राहिलेल्यांनी काय सोसले, याची कल्पना चहाच्या कपावरून येत नाही. त्यांना जिझिया भरावा लागे. यझ्दमध्ये त्यांना गावात घोड्यावर बसता येत नसे, रंगीत कपड्यांवर बंधने होती, घराची उंची शेजाऱ्यापेक्षा कमी ठेवावी लागे. कुटुंबातला एक जण मुसलमान झाला की घरची सगळी मालमत्ता त्याच्याकडे जाई, म्हणजे श्रद्धा टिकवण्याची किंमत भावाभावांत वसूल केली जाई. एकोणिसावे शतक संपत आले तरी त्यांना छत्री वापरायची बंदी होती. हे वाक्य मी ओली छत्री पायाशी ठेवून वाचले होते आणि ते अजून मनातून जात नाही. ऊन लागते म्हणून डोक्यावर कापड धरणे, इतक्या साध्या गोष्टीवरही ज्यांना दुसऱ्यांची परवानगी लागते, त्यांना रोज सकाळी उठून आपला धर्म पुन्हा निवडावा लागत असणार.

१७९६ मध्ये कैखुश्रू यझ्दयार नावाचा एक गृहस्थ आपल्या गुलिस्तान या मुलीला घेऊन इराणातून मुंबईला पळून आला, कारण मुलीला पळवून नेले जाण्याचा धोका होता. मुंबईत गुलिस्तानचे लग्न फ्रामजी भिकाजी पांडे या व्यापाऱ्याशी झाले. गुरुवारच्या विहिरीवरचे पांडे हे आडनाव इथे पुन्हा भेटते. या घराने इराणातून येणाऱ्या निर्वासितांना आपले दार उघडे ठेवले. गुलिस्तानच्या थोरल्या मुलाने, बर्जोरजीने, १८३४ मध्ये त्यांच्यासाठी निधी उभारला, आणि धाकट्या मेहरवानजीच्या पुढाकाराने १८५४ मध्ये इराणातल्या जरथुष्ट्रींची स्थिती सुधारण्यासाठी मुंबईत एक संस्था निघाली. निसटलेल्या मुलीची मुले मागे राहिलेल्यांना विसरली नाहीत, ही या सगळ्या प्रवासात मला सापडलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

संस्थेने माणेकजी लिमजी हातरिया यांना त्याच वर्षी इराणला पाठवले. ते गेले तेव्हा चाळिशीत होते आणि थोड्या खंडांखेरीज १८९० मध्ये वारेपर्यंत त्यांनी तिथेच काम केले. त्यांनी खानेसुमारी केली, पडक्या अग्निमंदिरांची दुरुस्ती केली, शाळा काढल्या, आणि गरीब घरांतल्या मुली पळवल्या जाऊ नयेत म्हणून मुंबईच्या पैशांतून त्यांची लग्ने लावली. दरबारात अर्ज, भेटी, इंग्रज वकिलातीतल्या ओळखींचा उपयोग, पुन्हा अर्ज, असे अठ्ठावीस वर्षे चालले आणि १८८२ मध्ये शाह नासिरुद्दीनने जिझिया रद्द केल्याचे फर्मान काढले. आपल्याकडे धर्मासाठी लढणारा म्हटला की तलवार डोळ्यांपुढे येते. हातरियांकडे हिशेबाच्या वह्या होत्या आणि कमालीची चिकाटी होती. त्यांच्या नावाचा पाठ आपल्या शाळांत असायला हवा, असे ताईने तिथल्या तिथे जाहीर केले, आणि मी तिच्याशी पूर्ण सहमत आहे.

मुंबईनेही नेहमी हात पसरूनच स्वागत केले असे मात्र लिहिता येणार नाही. १८५१ आणि १८७४ मध्ये पारशी-मुस्लीम दंगली याच शहरात झाल्या. पारशी इथे दुधात साखर विरघळावी तसे मिसळल्याची गोड गोष्ट आपण सांगतो, पण त्यांच्या आगमनाची कथा सांगणाऱ्या १५९९ सालच्या किस्सा-ए-संजाण या काव्यात ती नाही. तिथे आहेत त्या राजाने आश्रय देताना घातलेल्या अटी : शस्त्रे ठेवा, इथली भाषा बोला, बायकांचा पोशाख बदला, लग्ने संध्याकाळी लावा. आश्रय मिळाला, तो अटींसह.

सोमवार : कुलाबा आणि मरीन लाइन्स

कुलाब्याच्या गल्लीतले नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात काय झाले यासाठी सगळ्यांना माहीत आहे. रब्बी गॅव्हरिएल होल्त्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि त्यांचे पाहुणे इथे मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची आया सँड्रा सॅम्युएल हिने उचलून बाहेर आणले. शहरातली इतर ठिकाणे गर्दीसाठी निवडली गेली असतील, हे घर त्यातल्या माणसांच्या धर्मासाठी शोधून काढले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्र याच इमारतीत पुन्हा उघडले. जागा बदलणे सोपे आणि सुरक्षित झाले असते. आत जायचे तर आधी परवानगी घ्यावी. आम्ही ती घेतली नव्हती, म्हणून गल्लीतच थांबलो. समोरच्या दुकानदाराने सांगितले की गोळीबारात गल्लीतलेही शेजारी गेले, आणि त्यानंतर गल्लीने या लोकांना परके मानणे सोडून दिले.

दुपारी मरीन लाइन्सजवळ ताईच्या ओळखीच्या एका बहाई प्राध्यापिकांना भेटलो. त्यांचे आजोबा यझ्दहून आले. बहाई धर्माचा जन्म एकोणिसाव्या शतकात इराणातच झाला आणि तेव्हापासून त्याच्या अनुयायांचा तिथे छळ होत आला आहे. धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांचा नियमग्रंथ इराणात उघडपणे छापणे शक्य नव्हते, तो १८९०-९१ मध्ये मुंबईत छापला गेला. १८ जून १९८३ रोजी शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी दिले गेले. त्यांच्यातली मोना महमूदनिझाद सतरा वर्षांची होती आणि लहान मुलांचा धर्मवर्ग घेणे हा तिच्यावरचा एक आरोप होता. बहाई तरुणांना तिथल्या विद्यापीठांत शिकता येत नाही, म्हणून कामावरून काढलेल्या प्राध्यापकांनी १९८७ मध्ये घरांच्या दिवाणखान्यांत स्वतःचे विद्यापीठ सुरू केले. छापे पडले, संगणक आणि पुस्तके जप्त झाली, शिक्षक तुरुंगात गेले, वर्ग चालूच राहिले. आता जगभरातले स्वयंसेवक त्यांना इंटरनेटवरून शिकवतात.

"राग येत नाही का तुम्हाला?" ताईने विचारले.

"येतो ना. पण रागावून मुलांचं सांख्यिकी कसं पूर्ण होणार?" बाई म्हणाल्या. त्या स्वतः तो विषय शिकवतात. विद्यार्थ्यांचे चेहरे त्यांनी पाहिलेले नाहीत, खरी नावे त्या विचारत नाहीत, आणि मध्येच एखादा येईनासा झाला तर कारण विचारायचे नसते, एवढे त्यांना ठाऊक आहे. इराणातले घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास मागे आहे. त्या दिवशी त्यांचा वर्ग आपल्या सहाला होता, म्हणून साडेपाचला त्यांनी आमचा निरोप घेतला, आणि आम्ही दादरची गाडी पकडायला मरीन लाइन्स स्थानकाकडे निघालो.